माझा आवाज आणि बाकीच्यांचे कान

२ जानेवारी
आजपासून रोजनिशी. घरात कुणी ऐकत नाही, यार्डात कुणी ऐकत नाही, निदान वही तरी ऐकेल. नव्या वर्षाचा संकल्प एकच : कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगायची नाही. एकदा सांगेन, खणखणीत सांगेन. ज्याला कान आहेत तो ऐकेल.
कान म्हणजे काय चीज असते ते मला विचारा. हातगाडीवर पत्रे गोळा करत फिरायचो. आज मोडीत निघालेल्या गाड्यांचं अख्खं यार्ड उभं आहे, ते या दोन कानांवर. मी पाठ फिरवून उभा राहतो, मागे कुणीतरी घणाचा एक ठोका घालतो, आणि बीड (म्हणजे ओतीव लोखंड) आहे की पोलाद ते मी सांगतो. आजवर चुकलो नाही. एकदा चुकलो, पण तेव्हा घणच चिरलेला होता.

४ जानेवारी, सकाळी
स्वप्नात यार्डात कुत्री शिरली होती. चार. एकेकाला लाथ घालून कुंपणापार उडवलं. चौथं दांडगं निघालं, त्याचा जबडाच फोडला. जाग आली तर अंगात पंचविशीची ताकद. ही मात्र पलंगाच्या कडेला बसून नडगी चोळत होती. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणे, तुम्हीच झालात. मी कुठून? मी तर यार्डात होतो.
हिला आडवं झोपायची सवय आहे. सत्तावीस वर्षांत मी एकदा बोललो नाही. आज पायाच्या वाटेत आली, एवढंच.

७ जानेवारी
धाकट्याला तीनदा सांगितलं, निळ्या व्हॅनच्या काचा आधी काढ. (धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. यार्डात निम्मा भागीदार. माणूस सरळ, कानाने अधू.) तिन्ही वेळा एकच : काय म्हणालास, दादा? चौथ्यांदा मी काहीच म्हणालो नाही. पहार उचलली आणि समोरची काच फोडली. मग खिडक्या. मग दिवे. मग आरसे. मग मागची काच. काय आवाज होता! छातीतलं मळभ गेलं.
धाकटा म्हणाला, दादा, मागची काच विकली गेली होती. गिऱ्हाईक गेटवर उभं आहे.
दुसऱ्यांदा न सांगण्याचा संकल्प मोडला. दोष त्याच्या कानांचा.

९ जानेवारी
क्रेनबद्दल लिहून ठेवतो. क्रेनवाल्याला सगळे घार म्हणतात. तीन मजले उंच केबिनमध्ये बसतो आणि खाली कोणाच्या डब्यात काय आहे ते त्याला दिसतं. आमच्याकडे क्रेन हातवाऱ्यांवर चालत नाही. माझ्या तोंडावर चालते. मी 'वर' म्हटलं की वर, 'खाली' म्हटलं की खाली, 'थांब' म्हटलं की जिथल्या तिथे. बावीस वर्षं हाच कायदा. एकदा माझ्या 'थांब'ने रस्त्यावरची बस थांबली होती. तिचा आमच्याशी काही संबंध नव्हता.
आज थांब म्हटलं आणि ओझं आणखी हातभर खाली येऊन थांबलं. घारला खाली बोलावून झाडला. तो म्हणाला, मालक, जरा हळू बोललात. मी! हळू! तो चेष्टा करत असावा म्हणून सोडून दिलं. जाताना त्याच्या शिडीला मात्र एक लाथ घातली.

११ जानेवारी
स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो. ही वरच्या मजल्यावरून धावत आली आणि ओरडायला लागली, अहो, दूध जळून कोळसा झालं, पातेल्याशेजारी बसून तुम्हाला वास आला नाही? नाही आला. हल्ली दुधाला वासच नसतो. काय काय मिसळतात कोण जाणे.
पण मुद्दा वेगळा आहे. मी लगेच म्हटलं की गॅस बंद कर. तिने विचारलं, काय पुटपुटताय?
म्हणजे हिचेही कान गेले.

१२ जानेवारी
खूप विचार केला. सगळ्या गोष्टी जुळतात. यार्डातले लोक दिवसभर घणाचे घाव ऐकतात, त्यांचे कान जाणारच. हिचे गेले ते मिक्सरमुळे. मी एकटाच शाबूत, कारण माझे कान मुळातच वेगळ्या मालाचे. निर्णय : सगळ्यांची तपासणी करून घ्यायची. सुरुवात घरापासून. कुणी म्हणायला नको की मालक फक्त मजुरांना कामाला लावतो.

१५ जानेवारी, सकाळी ७
यार्डात चोर. कुंपणावरून उतरताना धरला. पहिला ठोसा बरगडीत, दुसरा डोळ्यावर. तिसऱ्याने त्याचा कंदीलच उडवला.
जाग आली. आमचा टेबललँप भिंतीशी तुकडे होऊन पडला होता. हिचा डावा डोळा वांग्याएवढा. ती रडत नव्हती, ते मला जास्त खटकलं. मी नीट समजावलं : माझी मूठ हवेत होती, तू तिच्यावर येऊन आपटलीस. ती म्हणाली, हो का? आणि बर्फ आणायला गेली.
संकल्प : झोपण्यापूर्वी तापट विचार करायचे नाहीत.

१८ जानेवारी
हिला कान तपासायला नेलं. काचेची खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. मी बाहेर बसलो. कानवाल्या बाईंनी हिच्या डोळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. बंद दारातूनही मला ऐकू आलं (कान!) : ताई, घरी सगळं ठीक आहे ना? मग एक चिठ्ठी दिली. म्हणाल्या, दिवसा-रात्री कधीही या नंबरवर फोन करा, कुणाला कळणार नाही.
काय सेवा आहे! कानाचे थेंब रात्री-बेरात्री घरपोच, तेही गुपचूप.
चिठ्ठी वाचून ही आधी खो खो हसली. मग डोळे पुसले. मग काहीतरी बराच वेळ सांगत राहिली. इतक्यात माझ्या शेजारचं मूल भोकाड पसरून रडायला लागलं, त्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही, फक्त काचेतून दिसलं. हातांनी ठोसा, पायांनी लाथ, दोन्ही हातांनी उडवलेला लँप. बाईंचा चेहरा बदलला. चिठ्ठीच्या मागे त्यांनी दुसऱ्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं. मेंदूच्या डॉक्टरीणबाई.
रिपोर्ट : हिचे कान वीस वर्षांच्या मुलीसारखे. मशीन बिघडलेलं आहे. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. कानांच्या दवाखान्यात ही अवस्था!

२३ जानेवारी
हिला मेंदूकडे नेलं. नवऱ्याचं कर्तव्य.
डॉक्टरीणबाई हुशार आहेत. पेशंटला थेट हात लावला तर पेशंट बावरतो, म्हणून आधी सगळं माझ्याकडून करवून घेतलं. नमुना म्हणून. मला कॉरिडॉरमधून चालायला लावलं. मी ऐटीत चाललो. वळताना जरा जास्त पावलं पडली, कारण लादी गुळगुळीत होती. मग अंगठा आणि बोट भराभर जुळवून दाखवायला सांगितलं. डावा हात मध्येच कंटाळला. मग कागदावर गोगलगाईसारखा गोल काढायला दिला. मी छोटा, सुबक काढला. मग पाठीमागून खांदे धरून मला अचानक ओढलं. मी पडलो असतो. हिला नीट समजावं म्हणून जवळपास पडूनही दाखवलं.
ही नुसती बघत होती. तिच्याकडून एकही गोष्ट करवून घेतली नाही. नमुन्यावरूनच कळलं असावं.
मग बाईंनी समजावलं. आजाराचं नाव पार्किन्सन. मेंदूच्या आत खोलवर काही पेशी असतात, त्या हालचालीला वंगण पुरवतात. (वंगण हा शब्द त्यांनी माझ्यासाठी वापरला. खरं नाव डोपामिन.) त्या पेशी मरत जातात. मग सगळंच लहान होतं : पाऊल लहान, अक्षर लहान, चेहऱ्यावरचं हसू लहान, आवाज लहान. गंमत म्हणजे आवाज लहान झालाय हे त्या माणसाला कळत नाही, कारण आतलं मापच बिघडतं. वास जातो. आणि स्वप्न पडताना आपलं अंग जो ब्रेक लावून पडून असतं तो ब्रेक निकामी होतो, त्यामुळे स्वप्नातला मार खऱ्या हातापायांनी बसतो. हे कधी कधी बाकीच्या लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं. आजार जात नाही, पण सांभाळता येतो. गोळ्या वेळेवर, व्यायाम रोज, आवाजाची तालीम, पलंग वेगळे, कोपऱ्यांना उश्या.
मी हिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. भारावल्या असतील.
कागदावर माझं नाव छापलंय. कारकुनाची चूक. काउंटरवर तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्याने विचारलं, काय?

२४ जानेवारी
हिने समोर बसवून सांगितलं. आजार मला आहे. तिला नाही. मला.
मी गोळ्यांची बाटली भिंतीवर फेकली. भिंतीवर आरसा होता.
माझं अक्षर लहान झालं म्हणतात. झालं! दोन तारखेला एका पानात अकरा ओळी बसल्या होत्या, आज सव्वीस बसतात. याला मी काटकसर म्हणतो. डॉक्टर लोक त्याला आजार म्हणतात आणि तपासणीचे पैसे घेतात.

२ फेब्रुवारी
नऊ दिवसांपासून नवीन गोळ्या. दिवसातून तीनदा, ठरल्या मिनिटाला, जेवणाच्या आधी रिकाम्या पोटी. ही घड्याळ लावून समोर उभी राहते. मी गोळी तोंडाकडे नेतो आणि बाहीत सोडतो. हात थरथरतो म्हणतात, पण ही सफाई कुठून येते मग? कोटाच्या अस्तरात सत्तावीस गोळ्या झाल्या.
हिने स्वतःचा पलंग शेजारच्या खोलीत नेला. माझ्या पलंगाच्या कोपऱ्यांना उश्या बांधल्या. खोलीतून काचेचं, लोखंडाचं सगळं उचललं. मोडीत काढलेल्या गाडीत बसल्यासारखं वाटतं, जे जे काढता येईल ते काढून नेलेलं.

९ फेब्रुवारी
चोर परत आला. या वेळी सोडला नाही. गळाच धरला. दाबत गेलो. मनगटात कुणीतरी दात रोवले तेव्हा जाग आली.
दात हिचे होते. गळाही हिचा.
मी ओरडत होतो म्हणून मला उठवायला आली होती. जवळ यायला नको होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, लांबूनच हाक मारा म्हणून. तिचंच चुकलं.
सकाळी उजेडात तिच्या गळ्यावरचे वळ मोजले. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. वळांवर माझी बोटं ठेवून पाहणार होतो. ती मागे सरकली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.
वर तिनेच घोगऱ्या आवाजात सांगितलं की झोपेत तुमचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. म्हणजे आवाज शाबूत आहे! मी म्हणतच होतो.
संकल्प : झोपताना उजवा हात पलंगाला बांधायचा.

१४ फेब्रुवारी
धाकट्याचा पाय.
सकाळी अकरा. लांब गाडीचा सांगाडा साखळीला लटकत होता. धाकटा पलीकडच्या अंगाला वाकून इंजिनाचा खालचा भाग फोनवर चित्रित करत होता, एका गिऱ्हाइकाला पाठवायला. वरून घारला तो दिसत नव्हता. मला दिसत होता, आठ पावलांवर. मी 'खाली' म्हटलं होतं. साखळी एका बाजूने सरकली. मी ओरडलो, थांब! फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडलो. थांब! थांब!
क्रेन थांबली नाही. सांगाडा धाकट्याच्या पायावर उतरला. बुटाचा पुढचा भाग कागदासारखा सपाट झाला आणि त्यातून रक्त आलं. दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणतात, पाय वाचला हेच खूप.
घारला गचांडी धरून शिडीवरून खाली खेचला. सगळ्यांसमोर दोन कानफटात मारल्या. कामावरून काढला. कानच नाहीत तर कानाखाली मारून काय उपयोग! तो म्हणाला, मालक, तुमचं तोंड उघडलेलं दिसलं. वाटलं, जांभई देताय.
क्रेनची किल्ली माझ्या पायाशी ठेवून गेला.

१६ फेब्रुवारी, दुपारी
धाकट्याला भेटायला गेलो. पायाला हे एवढं बँडेज. त्याला सांगितलं, काळजी करू नको, बहिऱ्याला हाकललं. त्याने उशीखालून फोन काढला. त्या वेळचं चित्रण सुरूच राहिलं होतं. म्हणाला, दादा, तू ऐक. कान तुझेच वापर.
ऐकलं.
धाकटा गिऱ्हाइकाला सांगतोय की गिअरबॉक्स ठणठणीत आहे. साखळी करकरते. लांबच्या शेडमध्ये घण पडतोय, बिडावर. त्याच्याही पलीकडे कुणीतरी शिट्टीवर गाणं वाजवतंय. आणि मध्येच, आजाऱ्याच्या खोलीत कुणी हळूच हाक मारावी तसं, थांब. थांब. थांब.
मग पुढचं. पुढचं ऐकवलं नाही त्याने.
मी परत लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. ठोका बिडावरचाच होता, त्यात शंका नाही.

१७ फेब्रुवारी
गोळी घेतली. तोंडात.

१ मार्च
गोळ्या लागू पडतायत. डावा हात कंटाळत नाही. झोपेसाठी वेगळी गोळी दिली आहे, दहा दिवसांत एकच चोर आला, तोही लांबूनच गेला.
कानवाल्या बाईंच्या शेजारच्या खोलीत आवाजाच्या बाई बसतात. टेबलावर आवाज मोजायचं एक मीटर ठेवतात आणि 'आ' म्हणायला लावतात. मी यार्डातला ठेवणीतला आ काढला. मीटरवर चोपन्न. बाई म्हणाल्या, फ्रिज याहून मोठ्याने बोलतो. सत्तरच्या पुढे हवं. पंचाहत्तरला पोचलो तेव्हा वाटलं आपण भांडतोय, आता कुणीतरी मारणार. बाई म्हणाल्या, आता कसं माणसासारखं बोललात. हेच गणित लक्षात ठेवायचं : मला ओरडल्यासारखं वाटलं की लोकांना बोलल्यासारखं वाटतं.
घरचा अभ्यास : रोजच्या वापरातली दहा वाक्यं, मोठ्याने. मी नऊ निवडली. चहा ठेव, गेट बंद कर वगैरे. दहावं हिने सुचवलं : चूक माझी होती. मी म्हटलं हे रोजच्या वापरातलं नाही. ती म्हणाली, म्हणूनच तालीम हवी.
गळ्यावरचे वळ पिवळे पडलेत. ती अजून दाराच्या बाजूला बसते.

८ मार्च
घार नदीकाठच्या दुसऱ्या यार्डात लागलाय. तिथेही केबिनमध्ये, तिथेही उंच. तिथे जाऊन खाली ये म्हटलं, आला नाही. इथूनच बोला म्हणाला.
पस्तीसएक परके मजूर. मी म्हटलं, चूक माझी होती. त्याने कानाला हात लावला. पुन्हा म्हटलं. पुन्हा हात. मग आवाजाच्या बाईंनी शिकवल्यासारखा श्वास पोटात भरला आणि भांडण काढायच्या तयारीने बोंबललो, चूक माझी होती! मी तुला हात लावायला नको होता!
घण थांबले. त्या यार्डाचा मालक ऑफिसातून बाहेर आला, त्याला वाटलं कुणीतरी सापडलं मशीनखाली.
घार खाली उतरला. म्हणाला, आता आलं ऐकू. परत येतो मालक, पण यापुढे क्रेन तुमच्या तोंडावर चालणार नाही. मी म्हटलं, मंजूर. हे एकदाच सांगावं लागलं.
ही गेटबाहेर रिक्षात थांबली होती, येताना तिला सगळं सांगितलं. ती रिक्षात माझ्या बाजूला सरकून बसली. रिक्षा अरुंद होती हे खरं, पण तरी.

१२ मार्च
मोठा दिवस. यार्डात भोंगा बसवला. धाकट्याने कुबडीवर उभं राहून सगळ्यांना नियम वाचून दाखवला : एकदा वाजला तर थांब, दोनदा तर वर, तीनदा तर खाली, चारदा तर जेवणाची सुट्टी. बटण कोण दाबणार, तर दादा. टाळ्या झाल्या. म्हणजे सत्ता हातातच राहिली. फक्त तोंडातून बोटात आली.
दहाची गोळी घ्यायची होती. पण एवढ्या मोठ्या प्रसंगी, सगळ्यांदेखत पाणी मागून गोळी गिळायची? पंधरा मिनिटांनी काय बिघडतं!
सव्वादहाला पहिलं ओझं उचललं. पांढरी लांब गाडी. योग्य उंचीवर आली. मी ऐटीत बटणावर बोट ठेवलं. एकदा दाबायचं होतं.
बोटाने चारदा दाबलं.
घारने ओझं अगदी अलगद खाली ठेवलं, केबिनला कुलूप लावलं आणि उतरला. घण खाली पडले. नळावर रांग लागली. मी ओरडलो, परत या! मला ऐकू आलं, अगदी खणखणीत. बाकी कुणी वळून पाहिलं नाही.
दहा मिनिटांत यार्डात मी आणि भोंगा.
मग मीही डबा उघडला. पोळ्यांवर एक गोळी ठेवलेली होती, आणि खाली हिच्या मोठ्या अक्षरात कागद : तुम्ही आज विसरणार नाही, टाळणार. जेवायच्या आधी घ्या.